जिच्यासाठी कोणी ओरडत आलं नाही ती वायर

भांडुपला स्टेशनवरून वर चढत गेलं की शाळेच्या मागे एक सबस्टेशन आहे. बाहेरून कोणाच्या लक्षात येत नाही. पिवळी भिंत, लोखंडी दार, दारावर कवटीचं चित्र. लोक त्या भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे असतात. आत झाडू मारायचं काम माझ्याकडे आहे. मी ठेकेदाराची बाई, लाइटवाल्यांची नाही.

आत माणूस बसत नाही. पूर्वी बसायचा. माझ्या वेळेपर्यंत त्याची खुर्ची तेवढी उरली होती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चहाच्या ग्लासांचे गोल डाग. ते डाग कितीही घासले तरी गेले नाहीत. आता तिथे राखाडी कपाटांची रांग आहे, माणसाहून उंच. ती सारखी घुमत असतात. मधेच एखाद्या कपाटात खट्ट होतं आणि हिरव्या दिव्याच्या जागी लाल लागतो. कोणी हात लावलेला नसतो. लांब कुठेतरी कंट्रोल रूम आहे, तिथून बटण दाबतात, नाहीतर कपाटं आपली आपणच ठरवतात. पहिल्या महिन्यात असा आवाज झाला की मी झाडू टाकून दाराबाहेर यायचे. पुढे सवय झाली. पण पाठ कधी केली नाही त्यांच्याकडे. झाडताना मी मागे मागे सरकत जाते.

काम मला बरं वाटायचं, कारण तिथे बोलावं लागत नाही. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. लहानपणापासूनच. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की मी उभी राहायचे, तोंड उघडायचे आणि तशीच खाली बसायचे. घरी लिहीत बसले की मात्र सगळं नीट सुचतं.

शेवटच्या कपाटाला लागून एक डबा आहे, जेवणाच्या डब्याएवढाच. त्याला बारीक दिव्यांची ओळ. त्यातला एक हिरवा सारखा फडफडत असतो. तपासणीला एक मॅडम यायच्या, इंजिनियर, माझ्या मुलीच्या वयाच्या. मला मावशी म्हणायच्या. त्यांनीच एकदा मी त्या दिव्याकडे बघत उभी राहिलेली पाहून सांगितलं होतं.

"मावशी, हा डबा गप्पा मारतो. इथून मोठी केबल निघते ना, ती रस्त्याखालून पलीकडच्या सबस्टेशनला जाते. तिकडे याचा जोडीदार बसलाय. केबलीच्या शेजारून एक बारीक वायर टाकलीय, तिच्यातून दोघं बोलतात. हा सांगतो, मी इतका करंट पाठवला. तो सांगतो, मला इतका पोचला. जुळलं नाही की समजायचं, मधे कुठेतरी केबल फुटली. मग दोघं एकाच वेळी बंद करतात. पापणी लवायच्या आत."

मी मान हलवली. मला आवडलं ते. दोन डबे रात्रंदिवस एकमेकांना विचारतायत, पोचलं का, पोचलं का.

आता घरातलं. आमचे हे आधी एका कारखान्यात होते, तो बंद पडला. मग त्यांच्याच वाडीतल्या एकाने त्यांना खणायच्या गँगमध्ये घेतलं. तो मुकादम. नात्याने माझा चुलत दीर लागतो. गँगमधली बहुतेक माणसं त्याच वाडीतली, मालवणकडची. रस्ता खणायचा, पाइप टाकायचा, बुजवायचा. पाण्याचं काम असो, गॅसचं असो, इंटरनेटचं असो. खड्डा तोच.

त्या उन्हाळ्यात गँगला शाळेच्या पुढच्या रस्त्याचं काम मिळालं, पाण्याच्या पाइपाचं. माझ्या सबस्टेशनपासून चालत जाता येईल इतकं जवळ.

मुंबईत रस्त्याखाली काय काय आहे ते खणणाऱ्यालाच माहीत. हे सांगायचे, माती कमी आणि वायरी जास्त. टीव्हीच्या, फोनच्या, इंटरनेटच्या, कोणी टाकल्या कोणाला पत्ता नाही, अर्ध्याअधिक मेलेल्या. आता कुठली जिवंत, कुठली मेलेली हे कोणाला विचारत बसणार? म्हणून गँगची एक रीत होती. बारीक काळी वायर आडवी आली की तोडायची. तासाभरात कोणी ओरडत आलं तर जिवंत. मग बाजूला बसवून त्याच्याकडून जोडून घ्यायची, चहा पाजायचा. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तर मेलेली.

आणि यायचीही, टीव्हीवाल्यांची, इंटरनेटवाल्यांची पोरं. यांना त्या पोरांच्या नकला करायची भारी हौस.

"गाडीवरून उतरायच्या आधीच चालू. 'कोणी तोडली रे? कोणी तोडली? अख्खी बिल्डिंग बोंबलतेय माझ्या नावाने!' मी म्हटलं, बस रे बाबा, कटिंग घे. म्हणतो, 'कटिंगच केलीत ना तुम्ही!'" असं सांगून हे स्वतःच हसायचे. आमच्या घरात संध्याकाळी हसणं म्हणजे हेच. दिवसभर काय सापडलं, कोण ओरडत आलं. मी भाकऱ्या थापत ऐकायचे.

एका संध्याकाळी हे हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, "आज एक नवलच झालं. नारिंगी पाइप होता, आत काळी वायर. नवी कोरी वाटत होती. तोडली. मला वाटलं, आता दोघंतिघं धावत येणार. कोणी म्हणजे कोणी आलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मुकादम म्हणाला, दे प्लास्टिक गुंडाळून, टाक माती. मेली म्हणायची."

मी भाकरी उलटली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सबस्टेशनचं दार उघडलं. डब्यावरचा फडफडणारा हिरवा दिवा बंद होता. त्याच्या शेजारी एक लाल लागला होता. तो फडफडत नव्हता, नुसता लागून राहिला होता. थोड्या वेळाने मॅडम आल्या, बरोबर नकाशाची गुंडाळी घेतलेला एक माणूस. कंट्रोल रूमला कालच कळलं होतं की डब्यांचं बोलणं तुटलंय. मॅडमनी एक मशीन लावलं. ते म्हणे वायर किती लांबवर तुटली ते सांगतं. त्याने सांगितलंही. पण वायरीचे जादा वेटोळे जागोजागी खड्ड्यांत ठेवलेले, म्हणून वायरीची लांबी रस्त्याच्या लांबीशी जुळेना, त्यातल्या कित्येक खड्ड्यांची झाकणं रस्ता काँक्रीटचा करताना खाली गेलेली, आणि नकाशा त्याच्याही आधीचा. देवळापासून शाळेपर्यंत कुठेही असेल, एवढंच निघालं. तेवढ्या टप्प्यात तीन वेगवेगळ्या लोकांचे खड्डे चालू होते.

मॅडम फोनवर बोलत होत्या. मी कपाटांखालची धूळ ओढत होते. मी तिथे असते हे लोक विसरतात.

"सर, ती केबल बंद नाही का ठेवता येणार? जोडीची दुसरी केबल आधीच दुरुस्तीला गेलीय, माहितीये मला. लोड आहे, तेही माहितीये. पण सर, आता ती नुसत्या बॅकअपवर आहे. काही झालं तर हा डबा एकटाच थांबून विचार करणार, मग बंद करणार. केबलला तेवढ्याने काही नाही होत. पण त्या पट्ट्यात खणकाम चालू आहे, सर. पहारीचा एक घाव बसला आणि त्याच वेळी माणूस तिथे असला, तर तेवढा वेळ तो आगीत…"

 पलीकडून काहीतरी म्हणाले असतील. "हो सर, शोधतोच आहोत," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी झाडू भिंतीला टेकवला. नारिंगी पाइप, आत काळी वायर, नवी कोरी. कोणी ओरडत आलं नाही, कारण त्या वायरीवर कोणाचा टीव्ही नव्हता, कोणाचा फोन नव्हता. ती तुटली तेव्हा कुठलीच बिल्डिंग बोंबलली नाही. बंद खोलीत एक लाल दिवा लागला, इतकंच.

आणि ज्याने ती तोडली तो माणूस अजून त्याच खड्ड्यात, त्याच मोठ्या केबलीच्या अंगाला, पहार घेऊन उतरत होता.

आमच्या गल्लीत नळापाशी एक जण बसलेला असतो. तोही खणायला जायचा. त्याच्या चेहऱ्याची कातडी ताणून बसवल्यासारखी चकचकते, हातांची बोटं एकमेकांना चिकटलेली. पोरांना त्याची सवय झाली आहे, ती त्याच्याशी पत्ते खेळतात आणि त्याचे पत्ते हातात धरून ठेवतात. यांनी त्याला एकदा विचारलं होतं, काय झालं होतं नक्की. तो म्हणाला, "आवाज मी ऐकलाच नाही. नुसता उजेड. दुपारचं ऊन होतं, तरी उजेड."

त्या संध्याकाळी हे आले तेव्हा मी चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, लाल दिवा, फोन. यांच्यापुढे मला बोलता येतं. हे ऐकत होते, पण तोंडावर हसू होतं.

"अगो, त्या डब्यातली लाइट गेली म्हणून मी मरतलंय?" हे मजेत असले की मालवणीवर जातात.

"चेष्टा नका करू. ती वायर मेलेली नव्हती."

"नव्हती तर कोणी आलं का नाही मग?"

"कारण ती माणसांची नव्हती."

यांनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत. मग साध्या मराठीत म्हणाले, "सांगायचं कोणाला? मुकादमानेच पुरायला लावली. कळलं तर अख्ख्या गँगचं काम जाईल. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ज्याने मला उभं केलं त्याच्याच पायावर पहार घालू?"

"तुम्ही निदान खाली उतरू नका."

"मग वर बसून काय करू? जपमाळ ओढू?" मग जरा मऊ होऊन, "दोन दिवसांत तो टप्पा संपतोय. मोठ्या केबलीला मी हातच लावत नाही, ठाऊक आहे मला ती. वरच्या फरश्यासुद्धा काढल्या नाहीत अजून. तू तुझा केर काढ."

सकाळी हे डबा घेऊन निघाले. मी दारात उभी राहून ते वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. असं मी कधी करत नाही. शेजारीण म्हणालीच, "काय गं, नवी नवरी झालीस काय?"

सबस्टेशनमध्ये लाल दिवा तसाच होता. मॅडम आणि नकाशावाला माणूस आले, काहीतरी खूण करून बाहेर पडले. मी झाडत होते पण झाडत नव्हते, एकाच जागी झाडू फिरत होता. मग शेवटच्या कपाटात खट्ट झालं. रोजच होतं तसंच. नेहमीचं होतं की काय होतं, मला कळलं नाही.  मी दार ओढून घेतलं आणि निघाले. झाडू हातातच राहिला.

मॅडम मला पुढे दिसत होत्या. देवळापाशी पोचून त्या डावीकडे वळल्या, गॅसवाल्यांच्या खड्ड्याकडे. उजवीकडे वळायला हवं होतं. हाक मारायची म्हणून मी तोंड उघडलं. रिक्षा हॉर्न मारत जात होत्या, आणि माझ्या घशातून काही निघालं नाही. मी तशीच उजवीकडे गेले, भराभर.

खड्ड्याच्या काठावर आधी मला फरश्या दिसल्या. मोठ्या केबलीवर झाकण म्हणून ठेवलेल्या, लाल, इशारा लिहिलेल्या. त्या काढून एकावर एक रचल्या होत्या आणि त्यांच्यावर गँगचे जेवणाचे डबे ठेवले होते. खाली केबल उघडी पडली होती, माझ्या दंडाएवढी जाड. आमचे हे तिच्यावर एक पाय टेकून उभे होते, जसं कोणी उंबरठ्यावर पाय ठेवून गप्पा मारतं तसे. हातात पहार.

मुकादम वर छत्री लावून बसला होता. "अरे, वहिनी! डबा विसरला काय हा? का झाडू घेऊन मारायला आलात?" गँग हसली. यांनी वर बघितलं. हसले नाहीत. त्यांना कळलं होतं.

मी तिथेच उभी राहिले. निघून जा, असं यांनी डोळ्यांनी सांगितलं. मी गेले नाही. काय करायचं तेही सुचत नव्हतं. भर उन्हात झाडू घेऊन बाई खड्ड्याच्या काठावर उभी, येणारेजाणारे बघायला लागले. मुकादमाचं हसू हळूहळू उतरलं. "वहिनी, काय झालं? घरी कोणाचं काही?"

तेवढ्यात मॅडम परत फिरून रस्त्याच्या त्या बाजूला आल्या आणि त्यांनी मला बघितलं. रस्ता ओलांडून आल्या. "मावशी, तुम्ही इथे कशा?"

मी म्हटलं, "इथेच आहे." मग आवाज सापडला. "तुटलेली वायर इथेच आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुरली. यांनी तोडली."

"यांनी म्हणजे?"

मी खाली बोट केलं. "आमचे हे."

 मॅडमनी वायरीचं विचारलंसुद्धा नाही. त्या काठावर वाकल्या, उघड्या केबलीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "पहार टाकू नका. हळू बाजूला ठेवा. पाय काढा तिच्यावरून. आता वर या. सगळे वर या. एकेक."

हे वर आले तेव्हा मला दिसलं. जिथे यांचा पाय होता तिथून हातभर अंतरावर केबलीच्या काळ्या कातडीवर पांढरट ओरखडा होता. ताजा. पहारीच्या टोकाएवढा रुंद. मॅडम तो बघतच राहिल्या. "कोणाच्या हातून पडला हा?" गँगमधले मुकादमाकडे बघायला लागले. मुकादम म्हणाला, "आधीचाच असेल, मॅडम." त्याच्याकडे न बघता मॅडमनी फोन काढला, आणि या वेळी त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या. थोड्या वेळाने शाळेतले पंखे बंद पडले. पोरांचा एकच गलका ऐकू आला. दुकानदार बाहेर येऊन शिव्या घालायला लागले, कोणाला ते माहीत नसताना.

वायर जोडली गेली. डब्यावरचा हिरवा दिवा पुन्हा फडफडायला लागला. मोठ्या केबलीचा ओरखडा तपासायला लोक आले, तेवढा तुकडा त्यांनी कापून नवा घातला. कापलेला तुकडा मॅडमनी मला दाखवला. ओरखडा दिसत होता त्याहून खोल होता. "थोडंच राहिलं होतं, मावशी," एवढंच त्या म्हणाल्या.

गँगला त्या कामावरून काढलं. मुकादमाने आम्हांला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो गल्लीत समोरून आला की घड्याळात बघतो. वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. गणपतीत गावी गेलो तर आरतीला आमच्या अंगणात कोणी थांबलं नाही. यांनी सगळ्यांच्या पाया पडून बघितलं.

मला यांनी कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "तू बोललीस म्हणून मी आहे, कळतं मला." आणि पुढे काहीतरी होतं, ते गिळलं.

आता हे सकाळी मुलुंडच्या नाक्यावर उभे राहतात. ज्याला माणूस लागेल तो घेऊन जातो. कधी घाटकोपर, कधी पार अंधेरी. गँगमधली माणसं रोज वेगळी, कोणी ओळखीचं नाही, मुकादम कोण ते नावानेही ठाऊक नसतं. तिथल्या रस्त्याखाली काय आहे, कुठल्या बंद खोलीत कुठला डबा बसलाय, तिथे झाडायला कोणी बाई जाते की नाही, मला काही माहीत नाही. मी माझा हिरवा दिवा बघते. तो यांच्या रस्त्याचा नाही.

आणि संध्याकाळी हे सांगत नाहीत. हातपाय धुतात, बसतात, जेवतात. नकला नाहीत. काय सापडलं, काय तोडलं, कोण आलं, कोण आलं नाही, काहीच नाही. काल यांच्या शर्टाच्या बाहीला नारिंगी प्लास्टिकचा बारीक कीस चिकटलेला होता. मी तो बोटाने काढला आणि विचारलं, "आज कुठे खणलंत?"

"रस्त्यात," हे म्हणाले, आणि भात वाढ म्हणून ताट पुढे केलं.